माया सोडून कापा
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तेव्हा एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर हल्ली रिक्षावालेसुद्धा माझ्यापेक्षा छान बोलतात. मी केबल कापण्यावर बोलते. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग "बरं, पण १५ मिनिटांत आटप" असं उत्तर आलं. बघू या जमतं का.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोरोनाच्या काळात पुण्याहून घरून काम सुरू झालं आणि मी बाबांजवळ उस्मानपुऱ्यातल्या घरी राहायला आले. दिवसभर मीटिंगा, आणि संध्याकाळी करायला काही नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक काका राहतात. त्यांच्या गच्चीवर लहानपणापासून एक मोठी अँटेना दिसायची. आपण सगळे तिला दूरदर्शनची समजत होतो. ती हॅम रेडिओची होती. हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, स्वतःचं कॉल साइन मिळवायचं आणि मग स्वतःच्या यंत्रावरून जगाशी बोलायचं. १२ वर्षं पूर्ण झालेलं कुणीही ही परीक्षा देऊ शकतं. मी चाळिशी ओलांडल्यावर दिली. खालच्या श्रेणीची दिली, म्हणून माझं कॉल साइन व्ही-यू-३ने सुरू होतं. काका व्ही-यू-२ आहेत, आणि हा फरक ते अधूनमधून आठवण करून देतात.

हा छंद नुसता गप्पांचा आहे, असं समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आपल्या सगळ्यांना आठवते. आपण नववीत होतो. किल्लारीसाठी आपण घरोघर फिरून जुने कपडे आणि धान्य गोळा केलं होतं. त्या वेळी तिकडे निरोप पोचवायला हॅम मंडळीही गेली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. २००४च्या त्सुनामीच्या वेळी तर भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरमध्ये हॅमच्याच कामासाठी गेलेले होते. फोन बंद पडले आणि तेच रेडिओ अंदमानच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीपर्यंत नेऊ लागले.

आता माझा मुद्दा. आपल्या हातातल्या छोट्या वायरलेस सेटचा आवाज फार लांब जात नाही. मध्ये इमारत आली, डोंगर आला, की संपलं. म्हणून उंच जागी रिपीटर बसवतात. तो तुमचा अशक्त आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी मोठ्या ताकदीने पुन्हा बोलतो. दोन मीटर बँडवर तो साधारण १४५ मेगाहर्ट्झला बोलतो आणि त्याच्या ६०० किलोहर्ट्झ खाली ऐकतो. ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी चालतं, आणि तेही एकाच अँटेनावर.

अवघड आहे ते इथेच. वरातीत बँडच्या अगदी शेजारी उभं राहून रस्त्यापलीकडच्या माणसाची कुजबुज ऐकायची, असा हा प्रकार. रिपीटरचा ट्रान्समीटर २५ वॉटचा, आणि त्याला ऐकायचा असतो तो सिग्नल मायक्रोव्होल्टच्या एक-पंचमांशाइतका. ट्रान्समीटरचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत पोचण्याआधी निदान १० कोटी पटींनी कमी करावा लागतो, तेव्हा कुठे कुजबुज ऐकू येते. हे काम ड्युप्लेक्सर करतो. दिसायला अगदी साधा: पिठाच्या डब्यापेक्षा उंच असे धातूचे सहा बंद डबे एका चौकटीत उभे. तीन डबे बोलण्याच्या बाजूला, तीन ऐकण्याच्या बाजूला. प्रत्येकात मधोमध एक दांडा. तो वर-खाली करून डबा एका फ्रिक्वेन्सीला वाट देतो आणि दुसरीला अडवतो.

विज्ञानाच्या सरांसाठी एक गोष्ट सांगते. दांडा ज्या सळईने हलवतात ती पुष्कळदा इन्व्हार या मिश्रधातूची असते. लोखंड आणि निकेल. उन्हाने जवळजवळ वाढतच नाही. या धातूच्या शोधासाठी गियोम यांना १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. मे महिन्यात आपल्या गच्च्यांवर काय तापतं ते तुम्ही जाणता. साधी सळई असती, तर दुपारी रिपीटर वेगळा आणि पहाटे वेगळा झाला असता.

काकांच्या मार्गदर्शनाखाली काही पोरं रिपीटर उभा करत होती. त्यात पॉलिटेक्निकला शिकणारी एक मुलगी होती आणि तिचे दोन वर्गमित्र. कागदपत्रं काकांनी केली. रेडिओ दोन जुने मिळाले. नवा ड्युप्लेक्सर घ्यायचा तर पोरांच्या आवाक्याबाहेरची किंमत. भंगारातून एक मिळाला, तो कुठल्याशा कंपनीच्या वायरलेस सेटसाठी बनवलेला, १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. आम्हाला तो १४५ला आणायचा होता. दांडे खाली सरकवले की डबे १४५ला येतात, ते काही अवघड नाही. पण डब्यांना जोडणाऱ्या सहा केबली असतात. तो जुडगा म्हणजे हार्नेस. त्याची लांबी जुन्या फ्रिक्वेन्सीला मापून कापलेली असते. डबे बदलले आणि केबली तशाच ठेवल्या, तर ड्युप्लेक्सर नीट चालत नाही.

का, ते थोडक्यात सांगते. पाव तरंगलांबीची केबल एक गंमत करते. तिच्या एका टोकाला शॉर्ट सर्किट असेल, तर दुसऱ्या टोकाकडून पाहणाऱ्याला तिथे काहीच जोडलेलं नाही असं दिसतं. बोलण्याच्या बाजूचे डबे ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीला शॉर्ट करून अडवतात. मध्ये बरोबर पाव लांबीची केबल असली, की अँटेनातून आलेल्या हलक्या सिग्नलला ती अख्खी बाजू दिसतच नाही, तो सरळ रिसीव्हरकडे जातो. केबल चुकली, की तो अर्धामुर्धा भलत्याच वाटेला लागतो. दोन डब्यांच्या मधल्या केबलीचंही तसंच. लांबी बरोबर असेल तर दोघांचा अडथळा एकमेकांना जोर देतो.

आता हिशोब. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २ मीटर ७ सेंटिमीटर, तिचा पाव हिस्सा ५१.७ सेंटिमीटर. पण हे हवेतलं. केबलच्या आत प्लॅस्टिक असतं आणि त्यातून लहर हळू जाते, प्रकाशाच्या वेगाच्या ६६ टक्क्यांनी. सर, तुम्ही पाण्याच्या ग्लासात पेन्सिल वाकडी दाखवली होतीत आणि काचेचा अपवर्तनांक दीड असं फळ्यावर लिहिलं होतंत. तेच हे. एक भागिले दीड म्हणजे ०.६६. आठवीत हे पाठ करताना मला वाटलं होतं, याचा आयुष्यात काय उपयोग! ५१.७चे ६६ टक्के म्हणजे ३४.१ सेंटिमीटर. १६२ मेगाहर्ट्झला हेच गणित ३०.५ येतं.

पण जुनी केबल आम्ही मोजली तर ती २२ सेंटिमीटर भरली. ३०.५ नाही. काकांनी सांगितलं, उरलेली लांबी डब्याच्या आत आहे, सिग्नल आत शिरतो त्या तांब्याच्या कड्यांमध्ये. मी मान डोलावली. मान डोलावली आणि विसरले, हे आता कबूल करते.

त्या दिवशी मी पोरांना जरा रुबाबातच म्हटलं, "हे तुम्ही कशाला हाताने करता, मी प्रोग्रॅम लिहिते." लिहिला. जुनी लांबी घ्या, जुन्या फ्रिक्वेन्सीला नव्या फ्रिक्वेन्सीने भागा, गुणाकार करा. २२ गुणिले १.११७. उत्तर २४.६. स्क्रीनवर हिरव्या अक्षरात आलं. अँटेनासाठी आणलेल्या केबलीचा उरलेला मोठा तुकडा होता. त्याचे २४.६चे सहा तुकडे मी स्वतः कापले. एकदम. सहाही. पोरांनी पैसे काढून आणलेले बारा कनेक्टर त्यांना लावले.

जोडल्यावर रिपीटर बोलायला लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग एका मुलाने वाळूजहून हातातल्या सेटवरून हाक दिली. त्याचा आवाज यायला सुरुवात झाली, रिपीटर तो पुढे बोलायला लागला, आणि त्याच क्षणी तो आवाज चिरका होऊन बुडाला. रिपीटरच्या स्वतःच्या ओरडण्याने त्याच्याच कानठळ्या बसत होत्या. अँटेनाकडे जाणारी ताकद मोजली, तर २५ वॉटमधले जेमतेम १२ वॉट पोचत होते.

तीन संध्याकाळी मी डबे फिरवत बसले. दांडा वर, दांडा खाली. नॅनोव्हीएनए म्हणून एक मोबाईलएवढं मोजण्याचं यंत्र मिळतं, त्याच्या पडद्यावरची रेघ जागेवर येईना. मी डब्यांना दोष दिला, भंगारवाल्याला दिला, शेवटी मोजण्याच्या यंत्रालाही दिला. आमच्या धंद्यात म्हणतात ना, आपला कोड सोडून सगळीकडे चूक शोधायची!

चौथ्या दिवशी काकांनी एक तुकडा हातात घेतला, टोकाचं आवरण नखाने दाबलं आणि म्हणाले, "हे मऊ आहे. हे फोम आहे, फोम." आतलं प्लॅस्टिक भरीव नव्हतं, हवेच्या बुडबुड्यांचं होतं. अशा केबलमध्ये लहर ६६ टक्क्यांनी नाही, ८०च्या आसपास जाते. म्हणजे तुकडा आणखी लांब हवा. मी ०.६६ हा आकडा कुठे तपासलाच नव्हता. माझ्या सूत्रात तर तो नव्हताच. जुनी आणि नवी केबल एकच आहे, असं मी मनात धरून बसले होते. शिवाय ती एकाच जाळीची केबल. ड्युप्लेक्सरला दुहेरी जाळीची लागते, नाहीतर डब्यांनी अडवलेला गोंगाट केबलीच्या अंगातून झिरपून पलीकडे जातो. सहा तुकडे आणि तीन संध्याकाळी वाया.

काकांकडे आरजी-२१४ केबल होती. भरीव प्लॅस्टिकची, चांदीचा मुलामा दिलेल्या दोन जाळ्यांची. मीटरभर नव्हे, बरोबर दोन मीटर. कित्येक वर्षांपूर्वी मुंबईहून आणून त्यांनी गुंडाळी करून कपाटात ठेवली होती. ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि आत निघून गेले. मित्रांनो, मी २० वर्षं अशा कामात आहे की जिथे चुकलं तर मागे जाता येतं. दर तासाची प्रत साठवलेली असते. बटण दाबलं की कालचं परत येतं. दोन मीटर केबलची प्रत कुठेही साठवलेली नव्हती. मी पुन्हा २४.६वर खूण केली आणि कटर उचललं.

"ताई, थांबा," ती पॉलिटेक्निकची मुलगी म्हणाली. "केबल वाढली, पण आतलं कडं तर तेवढंच राहिलं ना?"

मी कटर खाली ठेवलं. मग दोघींनी वहीत लिहिलं. आधी एकूण ३०.५ हवे होते. केबलचे २२, म्हणजे आतल्या कड्यांचे साडेआठ. आता एकूण ३४.१ हवेत. कडी तीच आहेत, साडेआठच. मग केबल २५.६ हवी. एकूण लांबीत जी ३.६ची भर पडायची ती सगळी एकट्या केबलीला घालावी लागणार, कारण कडी वाढत नाहीत. मी गुणाकार केला होता, करायची होती बेरीज. इंजिनिअरिंगची पदवी, २० वर्षांची नोकरी, आणि चूक चौथीच्या गणितातली. केबल बरोबर जातीची असती, तरी माझा तुकडा एक सेंटिमीटर तोकडाच पडला असता. अँटेनापाशी टी-जोड असतो तिथल्या दोन केबलींचं गणित आणखी वेगळं, तिथे टी-चा अर्धा भाग धरावा लागतो. तेही तिनेच काढलं.

मग मी २५.६वर खूण केली, आणि हात थांबला. इथे मला शिवणाच्या बाईंची आठवण आली. हे मी आज समोर बाई बसल्या आहेत म्हणून गोड बोलत नाही. उलट, बाई, एक जुनी तक्रार आधी सांगते, मग बाकीचं.

आठवीत कार्यानुभवाच्या तासाला मुलगे विजेच्या कामाला जायचे आणि आम्ही मुली शिवणाला. कुणी विचारलं नव्हतं, असंच असायचं. मागच्या बाकावरून आम्हाला पलीकडच्या खोलीतला सोल्डरचा धूर दिसायचा. तो वास मला फार आवडायचा. माझ्या आजीच्या तोंडी त्याला "डाग देणं" म्हणत. पातेल्याला भोक पडलं की डाग देऊन आण म्हणायची. मला डाग द्यायला शिकायचं होतं. मी एकदा त्या खोलीत गेले तर मला परत पाठवलं. सोल्डरिंग आयर्न मी पहिल्यांदा हातात धरलं ते वयाच्या ४२व्या वर्षी, काकांच्या गच्चीवर, आणि पहिल्याच दिवशी बोट भाजून घेतलं. इथे बसलेले जे मुलगे तेव्हा त्या खोलीत होते, त्यांतले किती जण आज सोल्डर करतात, हे मी विचारत नाही.

पण शिवणात मी परकर कापताना मापाला मापच कापलं होतं, आणि बाईंनी तो कपडा वर्गासमोर धरून विचारलं होतं, "अगं, माया कुठंय?" शिलाईत कापड जातं. कपडा आटतो. अंगाला लावून बघावा लागतो. म्हणून मापापेक्षा जादा कापड सोडायचं. माया न सोडता कापलेलं कापड चिंधीत जातं, असं बाई म्हणायच्या. माझा परकर चिंधीतच गेला. आई तीन दिवस बोलत नव्हती, कारण कापड तिच्या साडीचं होतं.

मी पहिला तुकडा २८ला कापला.

कनेक्टर लावला, दोन डब्यांच्या मध्ये जोडला, नॅनोव्हीएनएवर रेघ पाहिली. कनेक्टर काढला, थोडं कापलं, पुन्हा डाग दिला, पुन्हा पाहिलं. अडवायच्या फ्रिक्वेन्सीला रेघ खोल खाली जायला हवी आणि वाट द्यायच्या फ्रिक्वेन्सीला ती वरच राहायला हवी. अर्धा-अर्धा सेंटिमीटर करत आलो, मग शेवटी दोन-दोन मिलिमीटर. सव्वीसच्या खाली आल्यावर खड्डा खोल होत गेला. आमचा पहिला तुकडा २५.७वर थांबला. वहीतल्या गणिताहून एक मिलिमीटर जास्त. हा फरक मी माझ्या डागाच्या खात्यावर टाकला. त्या एका तुकड्याला दोन तास लागले. उरलेले पाच त्याच्यावरून कापले, पण प्रत्येकाला माया ठेवून. सगळं झाल्यावर दोन मीटरमधले साधारण ३० सेंटिमीटर उरले, ते काकांना परत केले. त्यांनी पुन्हा गुंडाळी करून कपाटात ठेवले.

छोटं यंत्र एवढा खोल अडथळा अख्खा मोजू शकत नाही, त्याची स्वतःचीच मर्यादा आधी येते. म्हणून आम्ही एकेक डबा वेगळा मोजला आणि शेवटची परीक्षा कानांनी घेतली. तो मुलगा पुन्हा वाळूजला गेला. त्याने हातातल्या सेटवरून, सगळ्यात कमी ताकदीवर, एक ते दहा आकडे म्हटले. रिपीटर बोलत होता आणि दहाही आकडे आले. अँटेनाकडे आता १७ वॉटच्या वर जात होते. दौलताबादकडून मात्र अजून काही येत नाही. मध्ये डोंगर आहे, आणि डोंगराला माझ्याकडे केबल नाही.

काका त्या वेळी गच्चीवर आमच्याबरोबर होते. दहावा आकडा आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसला. मग म्हणाले, "जेवून जा." त्यांच्या बोलण्यात याहून मोठी शाबासकी मी आजवर ऐकलेली नाही.

रिपीटर त्यानंतर दोन पावसाळे चालला आहे. ती मुलगी आता पुढच्या वर्षात आहे आणि दुसरा ड्युप्लेक्सर करते आहे. या वेळी तिने मला केबल कापायला बोलावलं नाही, फक्त धरायला बोलावलं.

माझी १५ मिनिटं कधीच संपली, संयोजक घड्याळाकडे बोट दाखवताहेत. एवढंच सांगते: माझ्या पिशवीत पहिले सहा तुकडे आहेत, २४.६चे, कनेक्टरसकट. बाई, ते मी तुम्हाला दाखवायला आणलेत. आणि हातातला सेटही आणलाय. जेवणानंतर ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी मागच्या पायरीपाशी या. रात्री नऊला ती पोरं रिपीटरवर हजेरी घेतात. बोलायला परवाना लागतो, ऐकायला बसायला काही लागत नाही.